पणजोबांचा पत्ता



गेल्या दिवाळीच्या सुटीत आठवी आणि नववीच्या मुलांना आम्ही नेहमीच्या निबंधाऐवजी निराळा गृहपाठ दिला होता. 'आपले घराणे या गावात कोठून, केव्हा आणि कशासाठी आले, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणा,' एवढाच तो गृहपाठ. सोबत एक छापील तक्ताही दिला होता. स्वतः, वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असे एकाखाली एक चौकोन आणि सर्वांत वर 'मूळ पुरुष'.

सुटी संपली, वह्या आल्या. आम्ही त्या सर्व वाचल्या. बहुतेक वह्यांत पहिले वाक्य सारखेच होते, 'आमचे पूर्वज शिवाजी महाराजांच्या सैन्यात सरदार होते.' मुलांच्या अभिमानाचे कौतुक आहेच, पण एवढे सरदार महाराजांच्या पदरी असते तर त्यांना पुरंदरचा तह करावा लागला नसता. तीन पिढ्यांपलीकडचे नाव मात्र फार थोड्यांना सांगता आले होते. म्हणजे पणजोबांचे नाव ठाऊक नाही, पण त्यांचे पणजोबा सरदार होते हे नक्की!

एका मुलीने चारच ओळी लिहिल्या होत्या. 'आमची आज्जी विडी वळायची. ती निपाणीला आली तेव्हा आमचे बाबा तिच्या कडेवर होते. आजोबा नव्हते. त्याच्या आधीचे घरात कुणाला माहीत नाही.' तक्त्यात तिने स्वतःचे आणि वडिलांचे नाव भरले होते, वरचे सगळे चौकोन रिकामे. त्या पानावर तपासणाऱ्या शिक्षकांनी लाल शाईने 'अपूर्ण' असा शेरा दिला होता.

शिक्षकांची चूक नव्हती. तक्ता आम्हीच केला होता. ज्या बाईने एकटीने मूल कडेवर घेऊन गाव गाठले, चूल मांडली, मुलगा शिकवला, तिला बसवायला त्यात एकही चौकोन नव्हता. खरे पाहता त्या घरापुरती 'मूळ पुरुष' तीच. सर्व वह्यांत 'कोठून, केव्हा, कशासाठी' या तिन्ही प्रश्नांना नेटके, खरे उत्तर द्यायचा प्रयत्न जर कोणी केला असेल तर तो त्या मुलीने. आम्ही तिला वर्गात बोलावून तो शेरा स्वतः खोडला. पण हा विषय तेवढ्यावर संपत नाही, म्हणून हा लेख.

आणखी एक प्रसंग सांगतो. त्याच आठवड्यात एक पालक कार्यालयात आले, जरा तावातच. म्हणाले, "सर, तुम्ही पोराला वंशावळ लिहायला सांगितलीत, आणि तो आमच्या आत्यांची नावं विचारत घरभर फिरतोय. आमचा दावा कोर्टात चाललाय." आम्ही त्यांना चहा दिला. त्यांचे म्हणणे आमच्या हळूहळू ध्यानात आले. वारसाची नोंद करायची तर तलाठ्याकडे वंशावळ द्यावी लागते, आणि त्या वंशावळीत मुलींची नावे 'विसरली' तर हिस्सेदार कमी होतात. २००५ च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, तेव्हापासून हे विसरणे कमी झाले असेल अशी आमची समजूत होती. ती भाबडी निघाली. नववीतल्या मुलाने आत्याचे नाव विचारले आणि घरात चूल पेटेना, यात मुलाचे काय चुकले?

वंशावळ ही निरुपद्रवी कागदाची घडी नव्हे, हे आम्हाला त्या दिवशी नीट कळले. पूर्वीही ती तशी नव्हतीच. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशन बसवले. इनामाच्या जमिनी खऱ्या की खोट्या याची चौकशी आपल्या दक्षिण मराठा मुलखात कसून झाली. त्या वेळी घराण्याघराण्यांनी सनदांबरोबर वंशावळी लिहून हजर केल्या. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आणि कित्येकांच्या घरच्या पेटाऱ्यात जे जुने वंशवृक्ष आढळतात, त्यांपैकी अनेक असे सरकारपुढे हक्क शाबीत करण्यासाठी लिहिलेले आहेत. जो भाऊ भांडून वेगळा झाला तो गाळला, दत्तक कधी दाखवला, कधी लपवला. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हापासून पलीकडची पाहुणेमंडळी आमच्या कार्यालयातही येऊ लागली आहेत. "आमचे आजोबा तुमच्या शाळेत होते, त्यांचा उतारा मिळेल का?" हाही हक्काचाच शोध आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र ज्याला दाखला हवा आहे तो एक रकाना पाहतो आणि रजिस्टर मिटतो. बाकीच्या रकान्यांत काय आहे हे पाहायला त्याला सवड नसते.

आपल्या भागात ही माहिती कोठे कोठे विखुरली आहे ते थोडे सांगतो, कारण पालकांपैकी अनेकांनी तसे विचारले आहे.

पहिले नाव अर्थातच हेळव्यांचे. उत्तर कर्नाटक आणि कोल्हापूर-सांगली भागात ज्यांची शेतीवाडी आहे अशा घरांतील वडीलधाऱ्यांना हेळवी माहीत असतात. सुगी झाली की ते येत, पूर्वी बैलावर बसून येत. कट्ट्यावर बैठक मारून घराण्याचे मूळ गाव, कुलदैवत, कोणत्या पिढीत कोण भाऊ कोणत्या गावी गेला, सारे घडाघडा म्हणून दाखवत. नवीन जन्मलेल्या मुलांची नावे वहीत चढवून घेत आणि धान्य, कापड, पैसे घेऊन पुढच्या गावी जात. कोणती गावे कोणत्या हेळव्याची हे त्यांच्यात वाटून ठरलेले असते. इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी असा राजाज्ञेने नियम झाला. म्हणून तिकडच्या एखाद्या खेड्यातल्या माणसाला चारशे वर्षांमागचा पूर्वज सापडू शकतो. आपल्याकडे राजाज्ञा नव्हती, पण हेळवी होते, ही लहान गोष्ट नाही. आता त्यांची मुले शिकून नोकऱ्यांना लागली, आणि ते योग्यच झाले. मात्र वह्या घरात पडून आहेत. ज्यांच्या गावी आजही हेळवी येतात त्यांनी त्यांना दारातून चार पैसे देऊन वाटेला लावू नये. बसवून घ्यावे, ऐकावे आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे.

अर्थात ऐकलेले सगळेच खरे मानू नये. १९७६ साली अमेरिकेत ॲलेक्स हेली यांचे 'रूट्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. गुलाम म्हणून नेलेल्या आपल्या पूर्वजाचा माग काढत हेली आफ्रिकेत गांबियातल्या एका खेड्यात पोहोचले, आणि तिथल्या वंशकथा सांगणाऱ्या वृद्धाने त्यांना नेमके त्याच पूर्वजाचे नाव सांगितले. या वृद्धांना तिकडे ग्रिओ म्हणतात, ते आपल्या हेळव्यांचे आफ्रिकेतले भाऊबंदच समजा. पुढे इतिहासकारांनी शंका काढली की हेलींना काय हवे आहे हे त्या वृद्धाला आधीच समजले होते आणि त्याने पाहुण्याचे मन राखले. आपल्याकडेही दान देणाऱ्या यजमानाच्या घराण्यात एखादा सरदार निघणे अगदीच अशक्य नाही. शिवाय हेळव्यांच्या वहीत सहसा पुरुषांचीच नावे असतात. आणि ज्यांच्याकडे जमीन नव्हती, दान द्यायला धान्य नव्हते, त्यांच्या दारी हेळवी जातच नव्हते.

दुसरे ठिकाण क्षेत्राच्या ठिकाणच्या उपाध्यायांच्या नामावळ्या. यात आमचा स्वतःचा अनुभव आहे, आणि तो सांगताना आम्हाला थोडा संकोच वाटतो. वाचकांपैकी काहींना माहीत असेल की आमचा जन्म आणि शिक्षण इंदूरकडचे. घरात मराठी, पण शाळेपासून बी. ए. पर्यंतचे माध्यम हिंदी. नोकरीनिमित्त इकडे आलो तेव्हा आमच्या मराठीतली हिंदी ऐकून सहकारी शिक्षक गालात हसत, अजूनही कधी कधी हसतात. वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही नाशिकला गेलो होतो. तिथल्या उपाध्यायांनी आडनाव विचारले, मूळ गाव विचारले, आणि थोड्या वेळात एक लांबट वही आणून पुढ्यात ठेवली. त्यात आमच्या आजोबांच्या हातची नोंद होती. आजोबांचे अक्षर आम्ही त्याआधी कधी पाहिले नव्हते. पुढे घेऊन वाचू लागलो तर एक शब्द लागेना, सर्व मोडीत. ज्यांनी आमच्या आजोबांना कधी पाहिले नाही, त्या गृहस्थांनी आजोबांचा मजकूर आम्हाला वाचून दाखवला. आम्ही पदवीधर, पेशाने शिक्षक, आणि आजोबांपुढे निरक्षर!

त्या मजकुरात सोबत आलेल्या भावाचे आणि आईचे नाव होते. भावाविषयी घरात कधी कोणी बोलले नव्हते. तो कोण, पुढे कोठे गेला, हे विचारायला तेव्हा कोणी उरले नव्हते.

मोडीचा हा प्रश्न या भागात फार मोठा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यापूर्वीचे गावदफ्तर, खरेदीखते, गहाणखते, जन्ममृत्यूची पुस्तके यांत मोडी आणि मराठी भरपूर आहे. त्यानंतरची कागदपत्रे कन्नडमध्ये. एकाच घराण्याची कहाणी अर्धी एका लिपीत आणि अर्धी दुसऱ्या लिपीत. त्यात संस्थानांचा गुंता निराळा. बेळगावला खेटून असलेले शहापूर हे सांगली संस्थानचे होते, १९४८ मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत. त्यामुळे शहापूरच्या विणकर घराण्याचा जुना कागद शोधणाऱ्याने आधी सांगलीच्या दफ्तराचा विचार करावा. उलट चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, मग तो कोल्हापूरला जोडला गेला. सीमा सरकल्या तसे सगळे कागद बरोबर सरकले नाहीत. सीमाप्रश्नावर घराघरांत ठाम मते आहेत आणि ती असायचीच, मात्र पणजोबांचा कागद हवा असेल तर तो ज्या कचेरीत असेल तिथे आणि ज्या लिपीत असेल त्या लिपीत वाचावा लागतो.

म्हणून आमच्या काही विद्यार्थ्यांना न रुचणारी एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. कन्नडचा पेपर अवघड जातो अशी तक्रार घेऊन दरवर्षी पालक येतात. या गृहपाठात नववीच्या एका मुलाने आजोबांना शेताची पहाणी वाचून दाखवली. ही पहाणी पत्रके २००० च्या सुमारास 'भूमी' योजनेत संगणकावर आली, पण वाचणारा घरात नसेल तर संगणकाचा काय उपयोग? आजोबांनी आयुष्यभर त्या कागदावर सही केली होती, आत काय लिहिले आहे ते दुसऱ्याकडून ऐकले होते. नातवाने कन्नड अक्षरांत पणजोबांचे नाव वाचले तेव्हा आजोबांनी तो कागद पुन्हा दोनदा वाचायला लावला. ज्याला मराठी, कन्नड आणि थोडी मोडी येते, त्याला या भागात आपल्या घराण्याचा माग काढताना कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. मोडी काही फार दूरची लिपी नाही. महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय तिचे प्रशिक्षण वर्ग घेते, आणि चिकाटी असेल तर काही महिन्यांत साधा मजकूर लागू लागतो.

फौजेतल्या घराण्यांसाठी आणखी एक वाट आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आणि आपल्या भागातून पलटणीत जाण्याची परंपरा त्याहून जुनी. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कुत अल अमारा येथे वेढ्यात अडकलेल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण जावे लागलेल्या फौजेतही त्या होत्या. 'आमचे पणजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' एवढेच काही घरांत ठाऊक असते. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या याद्यांत अशा शिपायांची नावे आहेत, आणि बऱ्याच नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही मिळते. मात्र नावे इंग्रज कारकुनाने ऐकून रोमन लिपीत लिहिलेली, तेव्हा एकच आडनाव चार-पाच तऱ्हांनी शोधून पाहावे.

आडनावाबद्दलही मुलांचे गैरसमज दिसले. एकाने लिहिले की, आमचे आडनाव अमुककर, म्हणून आम्ही त्या अमुक गावचे मालक होतो. बाळा, निपाणीत राहणाऱ्याला कोणी निपाणकर म्हणून हाक मारते का? गाव सोडून दुसरीकडे गेल्यावरच माणसाला गावाचे नाव चिकटते. 'कर' म्हणजे बहुधा सोडून आलेल्या घराची खूण. कुलदैवत हीदेखील अशीच खूण. वाडी रत्नागिरीचा जोतिबा, पालीचा किंवा मंगसुळीचा खंडोबा, सौंदत्तीची यल्लम्मा, गोव्यातली शांतादुर्गा, यांपैकी कोणाच्या दर्शनाला घराणे जाते यावरून कुठल्या दिशेने आले याचा अंदाज बांधता येतो. तो अंदाजच, पुरावा नव्हे. शेजारच्या घरात मराठी बोलतात आणि यल्लम्मेला जातात, पलीकडच्या घरात कन्नड बोलतात आणि जोतिबाला जातात. दोन्ही घरांनी आपापल्या वंशावळीत मागे जाऊन पाहावे, कोण कोणत्या भाषेतून आले हे वाचून दोघांनाही थोडे आश्चर्य वाटेल.

वडीलधाऱ्यांना विचारताना सन विचारू नये. आज्जीला 'तुम्ही कोणत्या साली आलात?' असे विचारले तर ती म्हणते, 'मला काय ठाऊक बाबा.' पण कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही इथे होतात का, असे विचारा. तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. बहात्तरच्या दुष्काळात इथे होतात का? तंबाखूच्या आंदोलनात रस्त्यावर माणसे बसली होती ती पाहिलीत का? ते १९८१ चे. मग आज्जी बोलू लागते आणि थांबत नाही. तिच्या सासूने सांगितलेला 'प्लेगचा वनवास', गाव ओस टाकून माळावर घातलेल्या झोपड्या, तिथपर्यंत जाते. आपल्या भागात माणसे आली ती सरदारकी मिळाली म्हणून थोडीच आली, बहुतेक अशा कारणांनी आली. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, त्यानंतरचा प्लेग, रेल्वेचे काम, कॅम्पातली चाकरी, निपाणीच्या तंबाखूच्या वखारी. पोटापाठी आलेली माणसे होती ती. आम्हाला त्यात कमीपणा दिसत नाही.

आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली त्या मुद्द्याकडे येतो.

जुन्या इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत आमच्या शाळेची जुनी जनरल रजिस्टरे, हजेरीपट आणि पत्रव्यवहाराच्या फायली आहेत. यंदा उन्हाळी सुटीत इमारतीची डागडुजी आणि रंगकाम व्हायचे आहे. ती खोली मोकळी करून जुने कागद रद्दीत काढावेत, जरूर ते दाखले संगणकावर आलेलेच आहेत, असा विचार विश्वस्त मंडळापुढे आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, खोलीत वाळवी आहे हेही खरे आहे, आणि शाळेला जागेची अडचण आहे हे आमच्याइतके कोणाला माहीत असणार? तरीही आमचे मत स्पष्ट आहे. ही रजिस्टरे रद्दीत जाता कामा नयेत.

संगणकावर चढले आहे ते नाव, जन्मतारीख आणि जात, म्हणजे दाखल्यापुरते. जन्मतारखेचे म्हणाल तर जुन्या पानांवर पाहावे तिकडे १ जून आहे. वय अंदाजाने धरून गुरुजींनी ठोकून दिलेली ती तारीख, तेव्हा तिच्यावर विसंबून कोणी पत्रिका मांडू नये! संगणकावर न चढलेले रकाने मात्र बोलके आहेत. 'पूर्वीची शाळा', 'पालकाचा धंदा' आणि 'शाळा सोडल्याचे कारण'. त्या शेवटच्या रकान्यातले शेरे आम्ही एका दुपारी वाचत बसलो होतो. गाव सोडले. गुरे राखण्यास. विड्यांच्या कामास. आई वारल्याने घरकाम. लग्न. या शेऱ्यासमोरच्या मुलीचे वय अकरा. आणखी एके ठिकाणी फक्त 'येत नाही'. या गावाचा असा इतिहास आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही.

दुसरे असे की वर सांगितलेल्या प्रत्येक साधनात कोणी ना कोणी वगळला गेला आहे. हेळव्यांच्या वहीत जमीनवाले, नामावळीत ज्यांना यात्रा परवडली ते, पहाणीत ज्यांच्या नावे शेत आहे ते, पलटणीच्या यादीत शिपाई. शाळेच्या रजिस्टरात मात्र वखारवाल्याचा मुलगा आणि वखारीत काम करणाऱ्या बाईचा मुलगा एकाखाली एक आहेत, एकाच शाईत. ज्यांच्यासाठी जगात कोणीच वही ठेवली नाही त्यांची नोंद ठेवणारी या गावातली ही एकमेव वही असेल.

त्या चार ओळी लिहिणाऱ्या मुलीचे वडील आमच्याच शाळेचे माजी विद्यार्थी. आम्ही त्यांना बोलावून घेतले आणि त्यांच्या वर्षाचे रजिस्टर काढले. पालक म्हणून त्यांच्या आईचे नाव होते, धंदा विडी कामगार. 'पूर्वीची शाळा' या रकान्यात पलीकडच्या गडहिंग्लज तालुक्यातील एका खेड्याचे नाव होते. हे गृहस्थ म्हणत होते की आपण कडेवर असताना निपाणीला आलो, घरात सगळे तसेच सांगत आले. पण रजिस्टराप्रमाणे ते पहिलीचे काही महिने त्या खेड्यातल्या शाळेत बसले होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथं एक पिंपळ होता का हो, शाळेपुढं? मला पिंपळ आठवतो, पण ते स्वप्न आहे असं वाटायचं." पुढच्या रविवारी ते मुलीला घेऊन त्या गावी गेले. तिथल्या शाळेतल्या रजिस्टरात वडिलांचे, म्हणजे मुलीच्या आजोबांचे, नाव मिळाले. पलीकडच्या त्या शाळेने आपले रजिस्टर रद्दीत घातले असते तर ते मिळाले नसते.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि १९२६ मध्ये निधन होईपर्यंत गावोगाव फिरून ते मोडी कागदांची दफ्तरे गोळा करत राहिले. पुष्कळ ठिकाणी त्यांच्या आधी वाळवी आणि वाणी पोहोचलेले असत. आमच्या जिन्याखाली वाळवी पोहोचली आहेच, वाण्याला तरी आपण हाताने धरून आणू नये.

खर्चाचा प्रश्न विश्वस्त विचारतील, आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे. एक लोखंडी कपाट आणि वाळवीचे औषध, इतक्याने सुरुवात होते. पानांची छायाचित्रे मोबाइलवर घेता येतात. त्याकरिता माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण शनिवारी दुपारी वेळ द्यायला तयार आहेत. मात्र ही छायाचित्रे कोणालाही खुली करू नयेत. त्यात जात आहे, घरच्या अडचणी आहेत, शेऱ्यांत गुरुजींचा राग आहे. ज्याची नोंद त्याच्या घरच्यांनी लेखी अर्ज करावा आणि आपले पान पाहावे, असा नियम असावा. मंडळाच्या येत्या बैठकीत हा प्रस्ताव आम्ही रीतसर मांडत आहोत. तोवर त्या खोलीतला एकही कागद हलवू नये, अशी शिपाईमामांना तोंडी सूचना दिली आहे. अधिकाराबाहेर गेलो असू तर मंडळाने तसे सांगावे.

गृहपाठाचा तक्ता आम्ही बदलला आहे. नव्या तक्त्यात आई, आज्जी आणि पणजी यांना वडील, आजोबा आणि पणजोबा यांच्या बरोबरीने चौकोन आहेत, आत्या आणि मावशी यांनाही आहेत, आणि 'मूळ पुरुष' हा चौकोन काढून त्या जागी 'या गावात प्रथम आलेली व्यक्ती' असे छापले आहे. ज्यांच्या घरी दावे चालू आहेत त्यांनी तो भरून द्यायची सक्ती नाही. कोणत्याही वहीवर 'अपूर्ण' असा शेरा दिला जाणार नाही. मोडीचा वर्ग जूनपासून दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ग्रंथालयात भरेल. शिकवणारे गृहस्थ निवृत्त आहेत आणि मानधन नको म्हणाले आहेत. पालकांनाही प्रवेश आहे. आम्ही स्वतः पहिल्या बाकावर बसणार आहोत, आजोबांची ती नोंद आम्ही नाशिकहून छायाचित्र काढून आणली आहे.